पाणपिसू, बुरशी आणि रक्तप्रवाह



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा एक आग्रह असे : निष्कर्ष पाठ करण्यापूर्वी तो कशावरून निघाला, हे विचारा. मी आयुष्यभर भाषा शिकविली; तथापि त्या आग्रहास स्मरून आज विज्ञानेतिहासातील एक प्रकरण आपणांपुढे मांडतो.

रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचा काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु काटा म्हणजे रोग नव्हे. या पेशी खऱ्या रोगाशी झुंजतात काय, याचा पुरावा त्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केला. तो पुरविला होता डॅफ्निया या गोड्या पाण्यातील इवल्याशा पाणपिसूने.

हिचा देह पारदर्शक. त्यामुळे आतील सारा व्यवहार सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच दिसे. बुरशीवर्गातील एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू अन्नाबरोबर पोटात जात आणि आतड्याची भिंत भेदून देहपोकळीत शिरत. तेथे रक्तपेशी त्यांना वेढून पचवीत. एखादा बीजाणू निसटला, तर त्याला अंकुर फुटून नव्या पेशी सुटत. रक्तप्रवाह त्यांना सर्वांगी वाहून नेई आणि अखेर पाणपिसू मरे. ज्या प्रवाहातून रक्षक येत, त्यातूनच संहारकही पसरत. भक्षकपेशींच्या या सिद्धान्ताला पुष्कळ विरोध झाला. मेचनिकॉव्ह यांना पॉल अर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले ते १९०८ मध्ये.

विसाव्या शतकात हाच प्रश्न उंदरांपुढे आला. कॅंडिडा अल्बिकन्स ही बुरशी शेपटीच्या शिरेत टोचली, की रक्तावाटे ती अनेक अवयवांत पोहोचते. मूत्रपिंडांची हानी विशेष होते. तिची रूपे दोन : वाटोळे आणि तंतुमय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, केवळ वाटोळ्या रूपात राखलेली बुरशी अवयवांत पसरूनही उंदीर जगले. तंतू वाढू देताच ते दगावले. म्हणजे पसरणे निराळे आणि मारणे निराळे.

रुग्णालयात अत्यवस्थ माणसाच्या रक्तात हीच बुरशी आढळते, तेव्हा डॉक्टरांच्या हाती असलेल्या ज्ञानात या मुक्या जीवांचा वाटा मोठा असतो. ते ऋण विसरू नये आणि 'कशावरून?' हा प्रश्नही सोडू नये, एवढेच सांगून मी थांबतो.