जास्तीचं एक प्रेत

खुनाच्या कादंबरीत प्रेत नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण एक प्रेत जास्त भरलं तर? एलिस पीटर्स या इंग्रज लेखिकेच्या 'वन कॉर्प्स टू मेनी' (१९७९) या कादंबरीचं सगळं रहस्य मोजणीतल्या या एका फरकावर उभं आहे. ज्याचं अर्धं आयुष्य रजिस्टरातल्या बेरजा जुळवण्यात गेलं, त्या माझ्यासारख्या कारकुनाला ती आवडली नसती तरच नवल!

गोष्ट ११३८ सालच्या उन्हाळ्यातली. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ मध्ये वारला. त्याचा एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्येच जहाज बुडून गेला होता. म्हणून गादी मुलीला, मॉडला, मिळावी अशी शपथ त्याने सरदारांकडून घेतली होती. पण राजाने डोळे मिटले आणि त्याचा भाचा स्टीफन राज्याभिषेक करवून मोकळा झाला. मग जी भाऊबंदकी पेटली, ती मिटायला ११५३ साल उजाडलं.

वेल्सच्या सीमेजवळ, सेव्हर्न नदीच्या वळणात श्रूजबरी हे गाव आहे. तिथला किल्ला विल्यम फिट्झअ‍ॅलन मॉडच्या बाजूने लढवत होता. स्टीफनने किल्ला घेतला, फिट्झअ‍ॅलन निसटला आणि मागे राहिलेल्या नव्वदहून अधिक माणसांना राजाने मृत्युदंड दिला. हा इतिहास आहे, कल्पना नव्हे. दोन वर्षांपूर्वी एक्झेटरच्या बंडखोरांना त्याने जिवंत सोडलं होतं, तेव्हा राजा मऊ आहे अशी बोलवा झाली. ती पुसण्यासाठी यावेळी दोर वापरला गेला.

कादंबरी इथून सुरू होते. ९४ जणांना फाशी दिल्याची सरकारी मोजणी आहे. नदीपलीकडच्या मठातला ब्रदर कॅडफेल प्रेतांच्या अंत्यविधीची तयारी करायला जातो, आणि मोजतो तर ९५! जास्तीचा जो तरुण आहे, त्याचा गळा कुणीतरी मागून बारीक दोरीने आवळलेला. खुन्याने हिशेब केला होता की इतक्या मुडद्यांत आणखी एक कोण मोजणार?

कॅडफेल काही पोलीस नव्हे. साठीकडे झुकलेला हा वेल्श गडी तरुणपणी धर्मयुद्धात लढला, दर्यावर हिंडला आणि आता मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. त्याचा तपास म्हणजे जखमा वाचणं, माणसं वाचणं आणि घाई न करणं. लेखिकेचं खरं नाव ईडिथ पार्जेटर (१९१३-१९९५). ती याच श्रॉपशर परगण्यातली. तरुणपणी ती औषधांच्या दुकानात मदतनीस होती, त्यामुळे कॅडफेलच्या काढ्यांना आणि मलमांना खरा वास येतो. खुनी कोण, ते अर्थातच मी सांगणार नाही.

वाचताना एक प्रश्न मात्र टोचत राहतो. ९४ माणसं लटकवली गेली असताना एका खुनाचं एवढं काय? कॅडफेलची भूमिका मला अशी समजली: ९४ जणांचा मृत्यू राजाने उघडपणे आपल्या माथ्यावर घेतला, बरा असो वा वाईट. पंचाण्णवाव्याला मात्र कुणी वाली नाही. त्याची नोंद झाली नाही, तर तो मेलाच नाही असं होईल.

आपल्याकडे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' केल्याची दंतकथा आपण चवीने सांगतो. पण त्या प्रकरणातला मोठा माणूस म्हणजे चौकशी करून थेट राघोबादादांना दोषी धरणारे रामशास्त्री प्रभुणे. तिथे मेलेला पेशवा होता आणि चौकशी करणारा न्यायाधीश. इथे मेलेला एक अनोळखी पोरगा आणि चौकशी करणारा माळी! आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या बहुधा गादीभोवती फिरतात. अशा पोराकडे आपले किती लेखक वळले?

माझी तक्रार एकच. पंचाण्णवाव्याला न्याय मिळतो, पण त्या ९४ जणांचं काय, हा प्रश्न कादंबरी फार लांबवर नेत नाही. ऑर्डेरिक व्हायटालिस या त्या काळच्या बखरकार साधूने त्या मृत्युदंडाची नोंद केली आहे. तो मूळचा श्रूजबरीजवळचाच, दहाव्या वर्षी नॉर्मंडीच्या मठात पाठवलेला. त्याच्या नोंदीत आर्नल्फ ऑफ हेस्डिन या सरदाराचं नाव आहे, बाकीच्यांचा नुसता आकडा. सरदाराला नाव आणि शिपायांना आकडा, ही रीत सगळ्याच दप्तरांत सापडते. कॅडफेल तो आकडा पुन्हा मोजायला बसला, म्हणून निदान एकाला तरी नाव मिळालं.