शिपायाची गोधडी

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या पायऱ्यांवरून पाय घसरला आणि मी नडगीचे हाड मोडून घेतले. दीड महिना प्लास्टर! पहिला आठवडा वाचण्यात गेला, दुसरा छताचे वासे मोजण्यात, आणि तिसऱ्या आठवड्यात मी घरातल्या माणसांवर उगाच खेकसू लागलो. अखेर आईने आपली अर्धवट गोधडी माझ्या मांडीवर टाकली.

"माझ्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही. तुझे हात तरी धड आहेत ना? कड तेवढी पुरी कर. ताईच्या बाळाला दिवाळीआधी पाठवायची आहे."

पुरुषाने, त्यातून मास्तराने, गोधडी शिवायची! विद्यार्थी समाचाराला आले की मी ती चादरीखाली दडवीत असे. ही लाज घालवली ती इतिहासाच्या पुस्तकात भेटलेल्या एका इंग्रज शिपायाने.

त्याचे नाव टॉमस वॉकर. ९५ व्या पलटणीतला साधा शिपाई. क्रिमियाच्या युद्धात, ५ नोव्हेंबर १८५४ रोजी, इंकरमनच्या लढाईत त्याची कवटी फुटली. शस्त्रवैद्यांनी हाडाचे तुकडे काढले आणि तो वाचला. पुढे इंग्लंडातील चॅटम येथे फोर्ट पिटच्या लष्करी रुग्णालयात तो पडून होता. १८५५ साली राणी व्हिक्टोरियाने याच रुग्णालयाला भेट दिली होती. टॉमस वुड या चित्रकाराने काढलेले वॉकरचे चित्र लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजच्या संग्रहात आहे. अंथरुणात बसलेल्या त्या शिपायाच्या हाती बंदूक नाही, सुई आहे; आणि तो शिवतो आहे गोधडी!

कापड कोणते, तर लष्करी गणवेशाचे. ही लोकर इतकी घट्ट असते की कापल्यावर तिच्या दशा सुटत नाहीत. त्यामुळे कड दुमडावी लागत नाही. तुकड्याला तुकडा भिडवून बारीक टाके घातले की झाले. आमच्याकडे जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर धावदोरा, आणि कड नीट दुमडली नाही तर वर्षभरात सगळ्या चिंध्या! वॉकरपेक्षा माझे काम एका परीने कठीण होते, हे ध्यानात येताच मला जरा बरे वाटले.

रिकामा शिपाई दारू आणि जुगाराकडे वळतो, त्यापेक्षा त्याच्या हाती सुई द्यावी, असे त्या काळचे मद्यपानविरोधी पुढारी सांगत. फ्रान्सिस ब्रेली नावाच्या शिपायाने तर हिंदुस्थानातल्या नोकरीच्या काळात अशी गोधडी शिवली. तीही आज लंडनच्या संग्रहालयात आहे. मात्र यातल्या पुष्कळ गोधड्या जखमी शिपायांच्या नव्हेत, पलटणीतल्या शिंप्यांच्या हातच्या असाव्यात, असे अभ्यासकांना वाटते. तेव्हा प्रत्येक टाक्यामागे जखम शोधण्यात अर्थ नाही.

तरीही वॉकर माझ्या मनातून जाईना. पडून राहिलेल्या माणसाला दुखण्याहून अधिक सलते ते हे, की आपला आता कोणाला उपयोग नाही. औषध दुसरे देतात, पाणी दुसरे देतात; टाका मात्र आपला आपणच घालायचा असतो. ज्या कापडात लढाईला गेला, त्याचेच तो आता पांघरूण करीत होता.

त्यानंतर विद्यार्थी आले तेव्हा मी गोधडी लपवली नाही. एकाने तर मला सुईत दोरा ओवून दिला.

दसऱ्याच्या सुमारास कड पुरी झाली. आईने डोळे मिटून तिच्यावरून बोटे फिरवली. एका कोपऱ्याशी बोट थांबले.

"इथे टाके ढोबळ आलेत."

"उसवू का?"

"नको, राहू दे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझा पाय फार ठणकत होता."