जबलपूरचे पर्यटन: धुवांधारपर्यंत येणारा प्रवासी शहरात थांबेल काय?

चेरीताल हा जबलपूरमधील दाट लोकवस्तीचा भाग आहे. नावात 'ताल' असला तरी येथे आता तलाव उरलेला नाही. गोंडवनाची राणी दुर्गावती हिने राणीताल, तिच्या दासीने म्हणजे चेरीने चेरीताल, तर दिवाण आधारसिंह यांनी आधारताल बांधविला, अशी लोककथा सांगितली जाते. बावन्न तलावांचे शहर अशी जबलपूरची परंपरागत ख्याती आहे. त्यांपैकी अनेक तलाव वाढत्या वस्तीखाली बुजले.

जबलपूरच्या पर्यटनातील मुख्य अडचण येथूनच समजते. शहरापासून सुमारे 20 ते 25 किलोमीटर अंतरावर भेडाघाट आहे. संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा, धुवांधार धबधबा आणि कलचुरी राजवटीतील चौसष्ट योगिनी मंदिर पाहण्यासाठी देशभरातून लोक येतात. 2021 मध्ये या परिसराचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. मात्र अनेक प्रवासी भेडाघाट पाहून त्याच दिवशी कान्हा किंवा बांधवगडच्या व्याघ्र प्रकल्पाकडे रवाना होतात. जबलपूर त्यांच्या दृष्टीने केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण ठरते.

वास्तविक शहराजवळ मदनमहालचा किल्ला आहे, 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची स्मृती जपणारे कमानिया गेट आहे, हनुमानतालाच्या काठी मंदिरे आहेत. ही स्थळे एका दिवसात पाहून संपणारी नाहीत. प्रवासी एक रात्र अधिक राहिला, तर त्याचा खर्च हॉटेलांबरोबरच रिक्षाचालक, खानावळी आणि भेडाघाटच्या मूर्तिकारांपर्यंत पोहोचतो. संगमरवराच्या छोट्या मूर्ती घडविणारे हे कारागीर आणि नावाडी हंगामावर अवलंबून असतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की नौकाविहार बंद राहतो.

दळणवळण सुधारले आहे, हे मान्य करावे लागेल. गोंदियाकडे जाणाऱ्या जुन्या नॅरोगेज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्याने विदर्भाशी थेट संपर्क वाढला. डुमना विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन 2024 मध्ये झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या मराठी भाविकांची संख्या मोठी असून ग्वारीघाट हा त्यांच्या वाटेवरील परिचित घाट आहे.

विकसनशील देशांची ही सार्वत्रिक समस्या आहे. 2019 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 9 लाख परदेशी पर्यटक आले. जगभरातील एकूण पर्यटकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. विमानतळ व रस्ते निधी मिळताच उभारता येतात. बुजलेला तलाव मात्र परत खोदणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्या जागेवर आता लोकांची घरे आहेत. म्हणून जबलपूरपुढील तातडीचा प्रश्न उरलेल्या तलावांचा आहे. हनुमानताल आणि आधारताल यांत आजही पाणी आहे. त्यांत मिसळणारे सांडपाणी रोखणे आणि काठावरील अतिक्रमण थांबविणे हे काम नव्या धर्मशाळा किंवा हॉटेले बांधण्याच्या आधीचे आहे.