पाटल्या मोडण्याची वेळ

पाबळमध्ये मस्तानीच्या समाधीपाशी तुम्ही उभे आहात. घरातलं सोनं कधी मोडतात, हे या कमी पावसाच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. आईच्या पाटल्या गेल्या तेव्हा दारातली विहीर झाली. ते आठवा आणि डोळे मिटा.

उघडाल तेव्हा जुलै १९४४ आहे. रंगूनमध्ये पाऊस कोसळतोय. नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या सभेच्या गर्दीत तेलुगू हमाल, तमिळ कामगार, गुजराती व्यापारी तुम्हाला खेटून उभे आहेत. कित्येकांनी भारत पाहिलेलाही नाही. आजा बोटीतून उतरला, तेव्हापासून घर इथलंच. त्यांच्या आझाद हिंद सरकारला अजून वर्षही झालेलं नाही. त्याची बँक एप्रिलमध्ये याच शहरात उघडली. शस्त्रं जपानकडून आलेली असली, तरी दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं नाही, खर्च आपल्या माणसांनी उचलायचा, हा नेताजींचा आग्रह. आझाद हिंद फौजेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले आहेत. बायकांच्या पलटणीला नाव आहे झाशीच्या राणीचं.

धोराजीहून इथं येऊन व्यापारात मोठे झालेले अब्दुल हबीब युसूफ मर्फानी जडजवाहीर, जमीनजुमला, सगळं मिळून सुमारे एक कोटीची मालमत्ता देऊन टाकतात. त्यांना ‘सेवक-ए-हिंद’ हा किताब मिळतो.

पण तुमची नजर खिळते ती शेजारच्या बाईवर. ती ओल्या मनगटातून बांगडी काढू पाहतेय. बांगडी अडते. ती हात दाबते, दात आवळते आणि सोनं तबकात टाकते.

देश दूर असला की माणसं अशीच देतात. साडेतीन वर्षांनी, जानेवारी १९४८ मध्ये, ज्यू नेत्या गोल्डा मेयर शिकागोतल्या ज्यूंपुढे पदर पसरतील, आणि अजून जाहीरही न झालेल्या इस्राएलसाठी अमेरिकेतून ५ कोटी डॉलर घेऊन परततील.

रंगूनच्या या बाईला तसं यश दिसणार नाही. याच दिवसांत, जपान्यांसोबत इंफाळवर चालून गेलेल्या फौजेची माघार ठरतेय. चिखलात, उपाशीपोटी, तापानं फणफणलेले जवान परत फिरतील. तुम्हाला ते ठाऊक आहे, तिला नाही. सांगावंसं वाटतं, पण ओठ हलत नाहीत. आणि सांगितलं असतं तरी तिनं हात मागे घेतला नसता.

तुमच्या आईला तरी कुठं ठाऊक होतं, पाणी लागेल म्हणून?

पाबळला परताल तेव्हा विहिरीचं पाणी प्या. पिताना ते मोकळं मनगट आठवा.