शिखराच्या पाच फूट खाली

२५ मे १९५५. दुपारचे पावणेतीन वाजले होते. दोन ब्रिटिश तरुण कांचनजुंगा शिखराच्या अगदी माथ्याशी उभे होते. ८,५८६ मीटर उंचीचे हे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे शिखर. तिथवर त्याआधी कोणीही माणूस पोचलेला नव्हता. समोर, वीसेक फुटांवर, बर्फाचा शेवटचा उंचवटा होता. त्यांच्या पायांपेक्षा तो जेमतेम पाच फूट उंच असेल. सोपी चढण. दहा-बारा पावले टाकली की झाले. पण त्या दोघांनी ती पावले टाकली नाहीत. त्यांनी फोटो काढले आणि ते खाली उतरू लागले.

या दोघांपैकी एक होता जॉर्ज बँड. केंब्रिजमध्ये शिकलेला, भूगर्भशास्त्राचा अभ्यासक. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतला सर्वांत लहान गिर्यारोहक. दुसरा होता मँचेस्टरचा एक गवंडीकाम आणि नळजोडणी करणारा कामगार. वय वर्षे २४. हिमालयात तो प्रथमच आलेला होता. त्याचे नाव जो ब्राऊन.

१५ एप्रिल २०२० रोजी वेल्समधल्या लानबेरिस या गावी, आपल्या घरी, जो ब्राऊन वारला. वय ८९. ते टाळेबंदीचे दिवस होते. ज्यांनी त्याच्यामागून कडे चढायला सुरुवात केली, त्या शेकडो लोकांना अंत्यदर्शनासाठी जमणेही शक्य नव्हते. गेल्या शतकातला सर्वांत मोठा प्रस्तरारोहक कोण, असे ब्रिटनमधल्या जुन्या गिर्यारोहकांना विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव त्याचेच येते. आज त्याची आठवण काढायची आहे, ती त्याने चढलेल्या कड्यांसाठी, आणि त्याने न टाकलेल्या त्या दहा-बारा पावलांसाठीही.

जोचा जन्म २६ सप्टेंबर १९३० चा. मँचेस्टरच्या आर्डविक या गरीब वस्तीत सात भावंडांतला हा सर्वांत धाकटा. तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा वडील गेले. आईने लोकांचे कपडे धुऊन संसार ओढला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि जो एका नळकाम आणि बांधकाम करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. रविवार आला की मित्रांबरोबर शहराबाहेरच्या टेकड्या गाठायच्या. सुरुवातीला दोर म्हणून आईची कपडे वाळत घालायची जुनी दोरी कामाला आली, असे सांगतात. अंगावर पडला असता तर तो त्या दोरीने पेललाही नसता.

त्या काळी इंग्लंडात डोंगर चढणे हा कोणाचा छंद होता, हे लक्षात घ्यायला हवे. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ सालचा. तिथले सभासद म्हणजे वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि जमीनदार. सुट्टीत आल्प्समध्ये जाणे ज्यांना परवडे, असे लोक. मँचेस्टरच्या कामगाराला तर आपल्याच गावाबाहेरच्या माळांवर फिरायची मुभा नव्हती. ती जमीन खाजगी शिकारीसाठी राखलेली असे. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले, तेव्हा त्यांतल्या पाचजणांना तुरुंगात जावे लागले. पुढे कायदे बदलले. १९५१ मध्ये त्याच भागात ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या कामगार पोरांनी आपला एक क्लब काढला. नाव ठेवले ‘रॉक अँड आइस’. जो ब्राऊन त्यातला एक. दुसरा होता सॅल्फर्डचा डॉन व्हिलन्स. तोही नळकाम करणाराच.

मँचेस्टरजवळच्या कड्यांचा दगड भरड, खरखरीत असतो. पूर्वी त्याची जाती बनत. घडलेल्या पण विकल्या न गेलेल्या जात्याच्या तळ्या आजही त्या कड्यांखाली पडलेल्या दिसतात. या दगडात पकडायला खाचा थोड्या, पण उभ्या भेगा पुष्कळ. जुने आरोहक या भेगांना बिचकत. जोने त्यांनाच वाट केले. उघडा पंजा भेगेत सारायचा, अंगठा तळहातावर दुमडायचा आणि हात आतल्या आत फुगवायचा. हात पाचरीसारखा घट्ट बसतो. मग त्यावर शरीराचा भार टाकून दुसरा हात वर न्यायचा. ही युक्ती त्याच्याआधीही ठाऊक होती. पण तिचे शास्त्र केले ते जोने. हाताच्या मागच्या बाजूची कातडी सोलून निघते. वेळ आणि ताकद नेमकी मोजावी लागते. दिवसभर पाइप आणि विटा हाताळणाऱ्या या माणसाच्या हातांना ते जमले. आपल्याकडच्या प्रस्तरारोहण शिबिरांतही आज हे तंत्र शिकवतात.

वेल्समधल्या लानबेरिस खिंडीत डिनस क्रॉम्लेख नावाचा कडा आहे. उघडून उभे ठेवलेले पुस्तक असावे तसा त्याचा आकार. पुस्तकाची दोन पाने जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातून सरळ वर जाणारी सुमारे १२० फुटांची रेषा कितीतरी वर्षे आरोहकांना खुणावत होती. जोच्या आधीच्या एका प्रयत्नात वरून त्याच्या हातातले अवजार निसटले आणि खाली दोर सांभाळणाऱ्या सोबत्याच्या डोक्यात बसले. सोबती बेशुद्ध पडला. चढाई तिथेच थांबली. १९५२ मध्ये जोने ती पुरी केली. ‘सेनोटाफ कॉर्नर’ हे तिचे नाव. त्याच कड्यावरची शेजारची वाट त्याने आणि व्हिलन्सने १९५१ मध्येच चढली होती. तिचे ‘सिमेट्री गेट्स’ हे नाव त्यांनी एका बसच्या पाटीवरून उचलले. स्मशानाचे दार! त्या काळच्या आरोहकाला ते फार काही विनोदी वाटले नसावे.

इथे जोचा एक नियम सांगायला हवा. कड्यावर चढताना भेगेत लोखंडी मेखा ठोकता येतात. मेखेत दोर अडकवला की पडण्याची भीती कमी होते. मेखा ठोकत ठोकत कोणताही कडा सर करता येईल. पण मग तो कडा चढला की बांधला, असा प्रश्न पडतो. जोने स्वतःला मर्यादा घालून घेतली होती. दोराच्या एका टप्प्यात दोनपेक्षा जास्त मेखा नाहीत. त्यातून जमले नाही तर खाली उतरायचे. नवा काही धोका न पत्करता आणखी एक मेख ठोकून वर जाता आले असते, अशा जागांवरून तो परत फिरलेला आहे. हा नियम कोणत्या पुस्तकात नव्हता. कोणी तपासायलाही येणार नव्हते.

मेखांऐवजी त्या पिढीने आणखी एक साधन काढले. यंत्रांचे साधे नट. त्यांतले आटे घासून काढायचे, त्यांतून दोरी ओवायची आणि ते भेगेत अडकवायचे. काम झाले की दगडाला ओरखडा न काढता परत घ्यायचे. स्नोडन डोंगरावर जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या रुळांजवळ पडलेले नट आरोहक वाटेत वेचत, अशी आठवण अनेकांनी सांगितली आहे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या महागड्या साधनांचे मूळ या भंगारात आहे.

१९५४ मध्ये ब्राऊन आणि व्हिलन्स आल्प्समध्ये गेले. तिथे त्यांनी द्रू शिखराची पश्चिम भिंत विक्रमी वेळात चढली. ब्लेतिएर या शिखराच्या भिंतीवरच्या एका अवघड भेगेला फ्रेंचांनी ‘फिस्यूर ब्राऊन’, म्हणजे ब्राऊनची भेग, असे नावच देऊन टाकले. मग पुढच्या वर्षीच्या कांचनजुंगा मोहिमेचे बोलावणे आले. ते जोला आले. व्हिलन्सला आले नाही. एका दोरावरच्या या दोघांच्या वाटा त्यानंतर हळूहळू वेगळ्या झाल्या.

मोहिमेचे नेते होते चार्ल्स इव्हान्स. वाट नेपाळमधून होती, पण शिखर नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर. सिक्कीमच्या लोकांसाठी कांचनजुंगा हा नुसता पर्वत नाही. ते त्यांचे रक्षक दैवत आहे. देवाच्या डोक्यावर पाय देण्याला सिक्कीमच्या राजदरबाराचा विरोध होता. इव्हान्स यांनी शब्द दिला, माथ्याला आमचे पाय लागणार नाहीत.

शिखराच्या दिवशी बँड आणि ब्राऊन यांची वाट चुकली. दीडेक तास वाया गेला. प्राणवायू संपत आला होता. परत फिरायची वेळ जवळ आली होती. आणि माथ्याच्या जरा खाली खडकाची एक भिंत आडवी आली. तिच्यात वीसेक फुटांची उभी भेग होती, वरच्या अंगाला बाहेर झुकलेली. साडेआठ हजार मीटरच्या वर! तिथे चार पावले चालणेसुद्धा कष्टाचे. जोने प्राणवायूचा प्रवाह वाढवला आणि भेगेत हात घातला. मँचेस्टरच्या जात्याच्या दगडावर रविवार-रविवार घोटवलेली ती विद्या इथे कामाला आली. तो वर पोचला, आणि पुढे तो बर्फाचा उंचवटा दिसला.

पाहायला तिथे कोणी नव्हते. त्या दहा-बारा पावलांबद्दल जगाला कधी कळलेही नसते. केंब्रिजचा पदवीधर आणि मँचेस्टरचा कामगार, दोघेही दुसऱ्याने दिलेला शब्द पाळून थांबले. दुसऱ्या दिवशी त्याच मोहिमेतले नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर वर गेले. तेही माथ्याखालीच थांबले.

त्यानंतर जोने पुष्कळ केले. १९५६ मध्ये काराकोरममधल्या मुझताघ टॉवरवर पहिली चढाई केली. १९६६ मध्ये लानबेरिसला गिर्यारोहणाच्या साहित्याचे दुकान काढले. १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात उभ्या असलेल्या ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ या ४५० फुटी सुळक्यावरची त्याची चढाई बीबीसीने थेट दाखवली आणि लाखो घरांत लोक श्वास रोखून बसले. ‘मानवी माशी, ब्रिटन’ एवढाच पत्ता लिहिलेले पत्र टपालखात्याने त्याच्या घरी बिनचूक पोचवले, असे सांगतात. १९७६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत, ट्रँगो टॉवरवर पहिल्यांदा चढलेल्या चमूत तो होता. सरकारने १९७५ आणि २०११ मध्ये त्याला किताब दिले. मित्रांनी मात्र केव्हाच आपला किताब दिला होता. ते त्याला ‘बॅरन’ म्हणत, म्हणजे उमराव. नळकाम करणारा उमराव!

आपल्या दृष्टीने या गोष्टीला पुढचा एक भाग आहे. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्रकुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेची तुकडी सिक्कीमच्या बाजूने, अतिशय कठीण अशा ईशान्य सोंडेवरून कांचनजुंगावर गेली. मेजर प्रेमचंद आणि नायक निमा दोर्जे शेर्पा ३१ मे रोजी वर पोचले. तेही माथ्याच्या काही फूट खाली थांबले. पुढे, २००१ मध्ये, सिक्कीम सरकारने आपल्या बाजूने शिखरावर चढायला बंदीच केली. आता नेपाळमधूनच जावे लागते. १५ मे २०१९ रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत त्या शिखरावर पोचले. तेव्हा जो ब्राऊन हयात होता.

आज कांचनजुंगावर जाणारा प्रत्येकजण तो जुना शब्द पाळतोच असे नाही. विक्रमांची नोंद, प्रायोजकांचे झेंडे, माथ्यावरचा फोटो, या सगळ्याची घाई असते. पण पहिल्यांदा वर जाणाऱ्यांनीच तो शब्द पाळला होता, हे कोणाला पुसता येणार नाही. तिसऱ्या मेखेला हात न लावणारा माणूस त्या दिवशी दोराच्या पुढच्या टोकाला होता, म्हणून मला ते नवल वाटत नाही. चढण्याची ताकद असलेले पुष्कळ असतात. आपण कुठे थांबायचे, हे कोणी बघत नसताना ठरवता येणारे थोडे. डिनस क्रॉम्लेखचा तो कोपरा चढताना आजही तरुण पोरे भेगेत हात घालतात, अंगठा दुमडतात आणि वर बघतात. ती त्या मँचेस्टरच्या कामगाराने शिकवलेली मूठ आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)