मल्लखांब : मल्लांकडून मुलांकडे

मल्लखांब म्हटला कीं आपणांस शाळेच्या संमेलनांतील चपळ मुलें आठवतात. परंतु तो खांब मुलांसाठीं रोविलेला नव्हता, हें त्याचें नांवच सांगतें. १२ व्या शतकांत चालुक्य नृपति सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लांच्या मेहनतीसाठीं स्तंभाचा उल्लेख येतो. पुढें कित्येक शतकें ही विद्या मागें पडली.

तिला पुन्हा उजेडांत आणलें तें दुसऱ्या बाजीरावांचे वस्ताद बाळंभटदादा देवधर यांनीं. पेशव्यांच्या दरबारास आव्हान देणाऱ्या दोन पहिलवानांशीं लढण्यापूर्वीं ते सप्तशृंगीस अनुष्ठानास बसले व प्रत्यक्ष मारुतीनें त्यांस खांबावरील पेंच शिकविले, अशी आख्यायिका आहे. मारुतीची साक्ष कोण काढणार? पण कल्पना अस्सल कुस्तीगिराची आहे. खांब हा न थकणारा, न चिडणारा जोडीदार. त्याला हवी तितकी वेळ अढी घालावी. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि बाजीरावांबरोबर ही विद्याही बिठूरास गेली. तेथें वाढलेली मोरोपंत तांब्यांची कन्या, म्हणजे पुढील झांशीची राणी, हिनेंही ती हस्तगत केली होती असें सांगतात.

याच सुमारास, १८११ सालीं, बर्लिनजवळ फ्रीड्रिख यान यानें तरुणांसाठीं व्यायामाचें मोकळें मैदान उघडलें. तेथील दांडे जगभरच्या शाळांत पोंचले. आमचा खांब मात्र आखाड्यांतच राहिला. १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक त्याच बर्लिनमध्यें आपली कला दाखवून आलें, हा काळाचा मोठा गमतीचा न्याय!

मुलांस हा व्यायाम मानवतो याचें कारण साधें आहे. खांबावर मूल स्वतःचेंच वजन तोलतें. तें वाढेल तसा भारही आपोआप वाढतो. आठ वर्षांचें पोर जेथें सहज चढतें, तेथें भारदस्त तीर्थरूप अर्ध्यावरून घसरतात! यानें उंची खुंटते ही भीति मात्र निराधार आहे. ठेंगणीं मुलें अशा खेळांत अधिक टिकतात, म्हणून तसें भासतें. अतिश्रम आणि अर्धपोटीं सराव यांनीं वाढीस अपाय होतो. पण तो दोष खांबाचा नव्हे, शिकविणाराचा.

मुलींची गोष्ट निराळी. पूर्वीं टांगलेल्या वेतावरही मल्लखांब करीत. तसा वेत दुर्मिळ झाला तेव्हां सुती दोरी आली, आणि त्या दोरीवरून मुली या विद्येंत शिरल्या. अलीकडे त्या लांकडी खांबावरही चढूं लागल्या आहेत.