चार सागरी मैल

३ आणि ७ फेब्रुवारी १९९३. रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. कस्टम्स आणि पोलीस यांतले काही जण सामील होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. १२ मार्चला दुपारी दीड ते पावणेचार या वेळात मुंबईत १२ स्फोट झाले. २५७ माणसे गेली.

त्याच वर्षी. ‘ऑपरेशन स्वॉन’ सुरू झाले. महाराष्ट्र आणि गुजरातच्या समुद्रावर तीन कडी बसवली गेली. बाहेर नौदलाची टेहळणी, त्याच्या आत नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजे, किनाऱ्यालगत नौदल, कस्टम्स आणि राज्य पोलिसांची संयुक्त गस्त. गस्त सगळ्यांची होती. या सगळ्याला जबाबदार अशी एकच यंत्रणा ठरवायला मात्र फेब्रुवारी २००९ उजाडला.

२००५-०६. किनारी सुरक्षा योजना. नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांसाठी ७३ सागरी पोलीस ठाणी, २०४ बोटी.

ऑगस्ट २००६ पासून. गुप्तचर इशारे येऊ लागले. २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीच्या अहवालातून बाहेर आलेला हिशेब असा: समुद्रमार्गे हल्ल्याचे ६, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्याचे ११, आत्मघाती पथकाचे ३.

२० सप्टेंबर २००८. इस्लामाबादच्या मॅरियट हॉटेलवर ट्रकबॉम्ब. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांबाबत पुन्हा इशारा. ताजला इशारा मिळाला होता, काही उपायही केले होते, असे रतन टाटा यांनी हल्ल्यानंतर सांगितले.

१९-२० नोव्हेंबर. पाकिस्तानकडून निघालेल्या संशयास्पद जहाजाबद्दल तटरक्षक दलाला सूचना मिळाली. शोध झाला, हाती काही लागले नाही. जहाज तोवर निघालेच नव्हते.

२२ नोव्हेंबर, सकाळ. दहा तरुणांनी कराचीचा किनारा सोडला.

२३ नोव्हेंबर, दुपार. भारताच्या हद्दीत पोरबंदरची मासेमारी बोट ‘कुबेर’ त्यांच्या ताब्यात गेली. चार खलाशांना दुसऱ्या जहाजावर नेऊन मारण्यात आले. तांडेलाला बोट चालवण्यासाठी जिवंत ठेवले. पुढचे तीन दिवस ‘कुबेर’ मुंबईच्या दिशेने येत राहिली. भारतीय नोंदणीची, भारतीय तांडेल असलेली बोट. गस्तीच्या नजरेला खटकावे असे तिच्यात काहीच नव्हते. अशा बोटींवर आपोआप ओळख देणारे यंत्रही नसे.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४. किनारा चार सागरी मैलांवर. इमारती दिसत होत्या. बोट थांबली, अंधाराची वाट पाहायची होती. पाकिस्तानातून आदेश आला आणि तांडेलाला इंजिनाच्या खोलीत मारण्यात आले.

संध्याकाळी ७.१५. दहा जण फुगवलेल्या रबरी होडीत उतरले. ‘कुबेर’ बुडवायची असे ठरले होते. एक बोट जवळ येताना दिसली, ती नौदलाची वाटली, आणि घाईत ते राहून गेले. सॅटेलाइट फोनही मागेच राहिला. त्या संध्याकाळी नौदलाची आठवण ठेवणारे बहुधा तेवढेच दहा जण समुद्रावर होते.

रात्री साडेआठ ते नऊ. कफ परेड, बधवार पार्क, मच्छीमार नगर. कटकला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना चालू होता. होडी धक्क्याला लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेले अनोळखी तरुण वर आले. कोळ्यांनी हटकले, कोण तुम्ही, कुठून आलात? उडवाउडवीचे, तुसडे उत्तर मिळाले. पंधरा वर्षांच्या तीन कड्यांनंतर त्यांना पहिला प्रश्न विचारला तो वस्तीतल्या माणसांनी. त्याच्या पुढे प्रश्न सरकला नाही. तरुण दोघादोघांनी पांगले, काहींनी टॅक्सी धरली.

साडेनऊ ते दहा. कुलाबा पोलीस ठाण्यापासून चालत काही मिनिटांवर, लिओपोल्ड कॅफेत गोळीबार. मग ताज. सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये मुलाबाळांसह बसलेले प्रवासी. तिथल्या पोलिसांकडे काठ्या, काहींकडे .३०३ रायफली. शहरात अनेकांचा पहिला समज टोळीयुद्धाचा झाला.

रात्री ११. मुख्यमंत्री विलासराव देशमुख केरळमध्ये होते. एनएसजी पाठवा, असा निरोप तिथून दिल्लीला गेला. कमांडो मानेसरला, त्यांना नेणारे विमान चंडीगडला.

मध्यरात्रीच्या सुमारास. कामा रुग्णालयाजवळ रंगभवनच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळीबार.

२७ नोव्हेंबर, पहाटे साडेपाच. एनएसजी मुंबई विमानतळावर. तिथून कुलाब्यापर्यंत बसने. पहिली गोळी सुटून जवळजवळ आठ तास झाले होते.

२९ नोव्हेंबर, सकाळी ९ च्या आत. ताज मोकळे झाले. १६६ बळी.

२ डिसेंबर. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुरीश मेहता यांनी हे सगळ्या व्यवस्थेचे अपयश असल्याचे म्हटले. म्हणजे नाव कोणाचेच नाही.

३० डिसेंबर. राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिची कक्षा राज्याच्या यंत्रणेपुरती. इशारे देणारे, समुद्र राखणारे आणि विमानाची वाट पाहणारे बहुतेक केंद्राचे. त्यांना जाब विचारायची मुभा समितीला नव्हती. दोनच बोटे ठेवून नाडी पाहायची, तीही एकाच हाताची. अमेरिकेने २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर सर्व यंत्रणांची चौकशी करणारा एक आयोग नेमला होता. तसा आयोग इथे झाला नाही. दहांपैकी जिवंत हाती लागलेल्या कसाबचा खटला चालला. १९९३ चा खटला लढवलेले जळगावचे उज्ज्वल निकम याही वेळी सरकारच्या बाजूने उभे होते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात यंत्रणा उभी राहत नसते.

एप्रिल २००९. प्रधान अहवाल सरकारकडे गेला. विधिमंडळात तो यायला डिसेंबर लागला.

२००९. विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मागवल्या. जखमी अधिकारी रंगभवनच्या गल्लीत सुमारे ४० मिनिटे मदतीविना पडून होते, असे त्यांनी त्यावरून मांडले आणि पुस्तक लिहिले. त्या रात्री नियंत्रण कक्ष सांभाळणारे राकेश मारिया यांनी आरोप फेटाळले. नोंदीतली मिनिटे मोजायचे काम एका अधिकाऱ्याच्या पत्नीने केले.